माशाने काय खाल्ले

मत्स्यन्याय हा शब्द भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला इतक्या ठिकाणी भेटतो की त्यात एक मासा आहे, हे तो हळूहळू विसरून जातो. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत ही कल्पना बीजरूपाने आहे. महाभारताच्या शांतिपर्वात ती आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंडनीतीचे समर्थन म्हणून ती येते. आणि बंगालच्या पालवंशातील धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात तर त्याचा पिता गोपाल याला मत्स्यन्याय दूर करण्यासाठीच प्रजेने राज्यावर बसविले, असे सांगितले आहे. दंड नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. एवढे सांगून सर्व ग्रंथकार राजाकडे वळतात. माशाकडे पुन्हा कोणी वळत नाही. लहान मासा मोठ्याच्या पोटात गेल्यावर त्याचे काय होते, आणि त्या मोठ्या माशाला पुढे कोण खातो, या प्रश्नांत राजनीतीला स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. मला ते पडले, याचे कारण वाङ्मयीन नसून कौटुंबिक आहे.

यंदा एका सत्रासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी रायपूरला आले आणि राहण्यासाठी शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर असलेल्या सिलतरा येथे माझ्या भाचीकडे उतरले. सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र आहे. लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवून स्पंज आयर्न तयार करणाऱ्या लांबलचक, संथ फिरणाऱ्या भट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि त्यांना वीज पुरविणारी, कोळशावर चालणारी केंद्रे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत बारीक काळी भुकटी बसते. ती झटकली तर जाते, पुसली तर राहते. भाचीचे यजमान यांपैकीच एका भट्टीवर अभियंता आहेत. येथून सर्वांत जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा, आणि तोही सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटरांवर. तरीही बर्फाच्या पेट्यांतून समुद्राचे मासे रायपूरच्या बाजारात येतात, आणि कोकणातून आलेली माणसे ते शोधून काढतात.

भाचीला सातवा महिना होता. एका रविवारी जावईबापूंनी सुरमईचे चार काप आणले. ते काप पाहूनच कळत होते की मासा चांगला हातभराच्या वर, थोराड असला पाहिजे. त्याच दिवशी माझ्या आईचा, म्हणजे भाचीच्या आजीचा, पेणहून दूरध्वनी आला. "आता सुरमई खाऊन घे," तिने नातीला बजावले, "आणि बाळंत झालीस की मुशीचं कालवण. दूध कमी पडत नाही." उलटपक्षी, भाचीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मोठे समुद्री मासे खाऊ नका, असे एका वाक्यात सांगून पुढचा रुग्ण बोलावला होता. कारण सांगितले नव्हते. "मावशी, तू सांग," भाची म्हणाली, "आजीचं ऐकू की डॉक्टरांचं?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्या पदवीने मला दिलेला नाही. तथापि दोन पाठ समोर ठेवून त्यांत फरक कोठे पडतो आणि का पडतो ते पाहणे, हा ज्या विद्याशाखेचा धंदा आहे तिच्यात मी आयुष्य घालविले आहे. शिवाय मासा मला ग्रंथांच्या आधी भेटलेला आहे.

आईचे माहेर पेण तालुक्यातील खारेपाटात. धरमतरच्या खाडीचे पाणी जेथे भरतीला शेताच्या बांधापर्यंत येते, त्या पट्ट्यात भात आणि मासा ही एकाच जमिनीची दोन पिके असतात. बांधात दगडी उघाडी असते. खाडीचे खारे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे गोडे पाणी वेळेवर बाहेर जावे, यासाठी तिची फळी उचलायची व सोडायची. माझे धाकटे मामा त्या उघाडीचे जणू वतनदार होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोराने चढते व जोराने उतरते. अष्टमीच्या आसपासच्या भांगेला ते नुसते हलल्यासारखे करते. मासे पाहायचे ते उधाणाच्या ओहोटीला. "आधी पानी बग," मामा म्हणत, "मासा मंग."

पाणी पाहणे म्हणजे काय, हे मला त्या उघाडीवर कळले. ओहोट लागली की आतले पाणी दगडी मोरीतून उसळत बाहेर पडते आणि त्याबरोबर कोळंबी, बोयची पिले, जे काही हलके असेल ते वाहत येते. मोरीच्या खांबामागे, जेथे प्रवाह वळसा घेऊन क्षणभर उलटा फिरतो, तेथे जिताडा उभा असतो. तो हिंडत नाही, पाठलाग करीत नाही. प्रवाहाकडे तोंड करून तो स्थिर राहतो आणि अन्न त्याच्याकडे येते. जवळ आलेल्या कोळंबीसमोर तो एकदम जबडा उघडतो. त्या पोकळीत पाणी आणि कोळंबी दोन्ही ओढली जातात आणि 'फट्' असा आवाज होतो. अंधारात आम्हाला मासा दिसत नसे, तो आवाज ऐकू येई. कंदिलाचा उजेड पाण्यावर तिरपा धरला तर मात्र दोन तांबूस निखारे चमकून जात. ते जिताड्याचे डोळे. रात्री शिकार करणाऱ्या या माशाच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा पडदा असतो, हे पुढे वाचनात आले. त्या वेळी ती भुताटकीच वाटे.

पकडण्याची रीतही या पाहण्यातूनच निघते. मामा जिवंत कोळंबी गरीला लावीत. डोक्यातला काळा ठिपका चुकवून गरी टोचली की ती मरत नाही, पाण्यात पाय हलवीत राहते. दोरी खांबाच्या वरच्या अंगाला सोडायची आणि प्रवाहालाच ती जिताड्याच्या तोंडाशी नेऊ द्यायची. जिताड्याला सुळे नसतात. त्याचे दात मखमलीसारखे बारीक असतात. पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. गरी लागल्यावर तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो ते उगाच नव्हे. त्या कडेवर दोरी घासली की ती तुटते. मासा ओढून घेताना कल्ल्यात बोटे घालायची नाहीत, खालचा जबडा अंगठ्याने धरायचा, हा पहिला धडा. दुसरा धडा चिखलात पाय उचलून न टाकता सरकवीत चालण्याचा. कारण चिखलात पाकट पहुडलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा लागला तर मोठा पुरुषही ओरडतो. असा काटा लागलेल्याचा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवीत. आजचे वैद्यकही वेदना शमविण्यासाठी तेच सांगते.

सुरमईची गोष्ट निराळी. ती उघाडीवर येत नाही; तिला मोकळे, निवळ पाणी लागते. ती पाहायची असेल तर आकाशाकडे पाहावे लागते. समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालून सूर मारू लागले, आणि खाली तारली किंवा मांदेलीचा थवा पावसाच्या सरीसारखा पृष्ठभागावर तडतडू लागला, की समजावे खालून कोणी तरी हाकीत आहे. सुरमई थव्यातून कापत जाते. तिचे दात त्रिकोणी, चपटे, पात्यांसारखे. म्हणून तिच्या गरीच्या वर वीतभर तार लावतात. किनाऱ्यावरचा मनुष्य मत्स्यन्यायाची ही दोन रूपे वेगळी ओळखतो: एक वाट पाहणारे, एक धावणारे. आपल्या राज्यशास्त्राला हा भेद सुचला असता तर त्याला काही उपयोग झाला असता, असे मला उगाचच वाटते.

जिताडा हे नाव रायगडचे. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात तोच खजुरा होतो, गोव्यात चणक, तमिळमध्ये कोडुवा, मलयाळममध्ये कालांजी, तेलुगूत पांडुगप्पा, आणि बंगालीत तो भेटकी म्हणून मेजवानीच्या पानात बसतो. एका माशाला इतकी नावे असणे आणि त्यांतले एकही दुसऱ्यापासून उसने घेतल्यासारखे न दिसणे, ही गोष्ट भाषांच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर राहणारा हा मासा प्रत्येक किनाऱ्याला आपलाच वाटला असावा. त्याचे चरित्रही सीमेवरचेच आहे. खाडीच्या तोंडाशी जन्मायचे, गोड्या पाण्यात वाढायचे, अंडी घालण्यासाठी पुन्हा खाऱ्याकडे परतायचे. आणि आधी नर म्हणून पक्व होऊन पुढे वजन वाढले की मादी व्हायचे. सरकारी काम अडले की साहेबाकडे जिताडा पोहोचवावा, अशी एक म्हण वजा विनोद खारेपाटात अजून ऐकू येतो. त्या भेटीसाठी निवडलेला थोरला जिताडा बहुधा जिताडीच असे.

आता ग्रंथांकडे. शतपथातील कथेत मनूच्या ओंजळीत आलेला मासा म्हणतो की आम्ही लहान असेतो आम्हाला फार भय असते, कारण मासाच माशाला गिळतो. तेव्हा मला वाढव. मनू त्याला घटात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. तो प्रचंड होतो आणि प्रलयात मनूची नौका ओढून नेतो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे; पण लहानपणी संरक्षण मागणारा तो मासा मोठा होताना काय खाऊन मोठा झाला, हे ब्राह्मणकार सांगत नाहीत. उघाडीवर वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतो तो मनुस्मृतीचा पाचवा अध्याय, आणि तोही विधिनिषेधाच्या रुक्ष भाषेत. जो ज्या प्राण्याचे मांस खातो तो त्याच प्राण्याचा भक्षक ठरतो, परंतु मासे खाणारा मात्र सर्वच मांसांचा भक्षक ठरतो, असा तेथील युक्तिवाद आहे. कारण उघड आहे: मासा काय खात नाही? पुढच्याच श्लोकात पाठीन आणि रोहित यांना हव्यकव्यासाठी सवलत मिळते, हा भाग आणखी गमतीचा. पाठीन म्हणजे आजचा छत्तीसगढी पढिना, नद्या-तलावांतला पक्का शिकारी. ज्या कारणासाठी सर्व मासे वर्ज्य सांगितले त्या कारणाला जो सर्वांत अधिक पात्र, त्यालाच सूट. स्मृतिकारांच्या पंक्तीलाही चवीपुढे तर्क थोडा वाकवावा लागला असेल. परंतु मूळ तर्क टिकाऊ आहे. मासा खाणारा केवळ मासा खात नाही. माशाने जे खाल्ले तेही खातो.

कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास मराठीच्या अभ्यासकांना प्रायः ओवीच्या उल्लेखासाठी माहीत असतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातल्या व नदीतल्या माशांचे प्रकार, कोणत्याला कोणते खाद्य टाकावे, दोरी कशाची करावी, गळ कसा असावा, हे सर्व सांगितले आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर लिहून विद्वानांचे लक्ष वेधले. कल्याणी समुद्रापासून दूर. तरी समुद्रातल्या माशांची गणती तेथे बसून झाली. सिलतऱ्यात सुरमईचे काप पाहताना मला त्या राजाची आठवण झाली. फरक इतकाच, की आपण माशाला जे खाऊ घालतो ते गोळे करून मोजून घालतो, अशी त्याची खात्री होती.

आमच्या आजोळी मासा सुरक्षितपणे खाण्याचे एक शास्त्र होते, आणि त्याला मी कमी लेखणार नाही. डोळा फुगीर व निवळ हवा, कल्ला लाल हवा, बोटाने दाबलेले मांस परत वर यावे, पोट फुटलेला मासा घेऊ नये. आणलेला मासा आधी साफ करावा, मग बाकीची कामे. मुशीचे तुकडे हळद आणि चिंच लावून पुन्हापुन्हा धुवावेत. मुशीच्या अंगात युरिया असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होऊन नाकाला झोंबतो, हे रसायन आजीला ठाऊक नव्हते. पण झोंबणारी मुशी ती मांजरालाही घालीत नसे. सुरमई, कुप्पा, बांगडा यांसारख्या वेगाने पोहणाऱ्या, लालसर मांसाच्या माशांबद्दल तर ती फारच कडक होती. उन्हात तासभर राहिलेला बांगडा तिने ताजा दिसत असूनही फेकून दिलेला मला आठवतो. अशा माशांच्या मांसात एक आम्ल विपुल असते. थंडावा तुटला की जंतू त्यापासून हिस्टामिन बनवितात, आणि खाणाऱ्याचे अंग तासाभरात लाल होते, डोके ठणकू लागते. मासा पुन्हा बर्फात घातला, तळला, उकळला, तरी एकदा तयार झालेले हिस्टामिन जात नाही. रायपूरपर्यंत आलेल्या माशाबद्दल म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नव्हे, बर्फाचा: बंदरापासून येथपर्यंत बर्फ कोठे तुटला का?

परंतु हे सारे शास्त्र डोळा, नाक, बोट आणि जीभ यांवर उभे आहे. ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्याच्यापुढे ते निरुपाय होते. प्रवाळांच्या आश्रयाने थोर झालेल्या गोबऱ्या-तांबोशांत कधीकधी सिग्वाटेरा नावाचे विष साठते. ते सूक्ष्म शैवालातून लहान माशांत व लहान माशांतून मोठ्यांत जाते, आणि कोणत्याही आजीच्या नाकाला कळत नाही. पाऱ्याचेही तसेच आहे, आणि पाऱ्याची गोष्ट सिलतऱ्यातून सांगणे अधिक उचित.

कोळशात पारा असतो. किती, तर एका टनात ग्रॅमचे काही दशांश. इतका क्षुल्लक की लक्षात घेऊ नये. पण टन किती जळतात ते लक्षात घेतले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली काढलेल्या हिशेबानुसार २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून सुमारे २२०० टन पारा हवेत गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा लहान सोनेखाणींचा, आणि त्याखालोखाल, सुमारे एकवीस टक्के, कोळसा जाळण्याचा. वायुरूप पारा काही महिने हवेत तरंगत जगभर हिंडतो आणि पावसाबरोबर वा धुळीबरोबर उतरतो. समुद्रात आणि खाडीच्या चिखलात जंतू त्याचे मिथिल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग शैवालात शिरते, शैवालातून जवळ्यात, जवळ्यातून मांदेलीत, मांदेलीतून सुरमईत. शरीर ते लवकर टाकीत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला प्रमाण वाढते. पाण्यातल्या प्रमाणाच्या तुलनेत शिकारी माशाच्या मांसात ते दहा लाख पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. ते चरबीत नसते, स्नायूंच्या प्रथिनांना चिकटलेले असते. म्हणून कातडी काढा, धुवा, चिंच लावा, तळा. ते जात नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरविणाऱ्या कोडेक्स मंडळाने १९९१ साली मिथिल पाऱ्याची मर्यादा सांगितली ती सर्वसाधारण माशांसाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, आणि शिकारी माशांसाठी एक मिलिग्रॅम. पाठीनाला दिलेल्या सवलतीची मला येथे पुन्हा आठवण झाली. शिकारी माशात अधिक असणारच, म्हणून त्याला अधिक मुभा.

प्रौढ माणसाच्या शरीरातून मिथिल पारा हळूहळू बाहेर पडतो. निम्मा जाण्यास दीडदोन महिने लागतात. महिन्यातून एखादे वेळी सुरमईचा काप खाणाऱ्या माझ्यासारखीने घाबरावे असे त्यात काही नाही. गर्भाचे तसे नाही. मिथिल पारा वारेतून पलीकडे जातो आणि घडत असलेल्या मेंदूला गाठतो. जपानच्या मिनामाता येथे हे जगाने पाहिले. एका रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेल्या पाऱ्याने तेथील मासे विषारी झाले. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली, त्याआधी मांजरे वेडीवाकडी नाचून मरत होती. स्वतःला काहीच लक्षण नसलेल्या आयांना अपंग मुले झाली. इशिमुरे मिचिको या लेखिकेने १९६९ साली 'कुगाइ जोदो' हे पुस्तक लिहिले ते तेथील कोळ्यांच्या बोलीला जवळ राहून. समुद्रावर प्रेम करणारी माणसे समुद्रानेच आजारी पडल्यावर समुद्राबद्दल कशी बोलतात, हे ऐकू यावे म्हणून. त्या पुस्तकासाठी देऊ केलेला मोठा पुरस्कार तिने नाकारला. आपल्याकडे तकळींची 'चेम्मीन' १९५६ सालची, म्हणजे नेमकी त्याच वर्षीची. तिच्यातला समुद्र पातिव्रत्याचा भंग झाला तर कोळ्याला गिळतो. दोन्ही पुस्तकांत समुद्र निवाडा करतो. परंतु मिनामाताच्या किनाऱ्यावर ज्यांना शिक्षा झाली त्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. आपल्या तौलनिक अभ्यासांत ही दोन पुस्तके शेजारी ठेवलेली मी पाहिली नाहीत. ठेवावीत असे वाटते.

पाऱ्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारालाही मिनामाताचेच नाव आहे. तो २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला, आणि भारताने त्याला २०१८ साली अनुसमर्थन दिले. कोळशाच्या वीजकेंद्रांतून बाहेर पडणारा पारा आटोक्यात आणणे हा त्यातला एक भाग आहे. मी हे रात्री जावईबापूंना सांगत असताना ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मावशी, आमच्या चिमणीतून निघालेलं आमच्याच ताटात येतं, असं तुम्ही म्हणता का?" मी म्हटले की तसा एकास एक हिशेब कोणालाच लावता येणार नाही, वाऱ्याला पत्ता नसतो. ते म्हणाले, "मग कुणाच्या तरी ताटात." त्यावर मला भर घालण्यासारखे काही नव्हते. पेणजवळ डोलवीलाही पोलादाचा मोठा कारखाना आहे, त्याची गोदी धरमतरच्याच खाडीवर आहे. मामांच्या घरातली नवी पिढी तेथे नोकरीला आहे. लोखंड कोणाच्या घरात नाही?

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देता येण्यासारखे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी जी यादी केली आहे तिच्यात टाळण्याच्या माशांत मुशीचे कुळ आहे आणि सुरमईची तिकडची थोरली बहीण आहे. तीच यादी मासा सोडू नका, असेही आग्रहाने सांगते; बाळाच्या मेंदूला माशातील स्निग्ध द्रव्ये हवीत. म्हणजे प्रश्न मासा की मासा नाही, हा नसून कोणता मासा, केवढा मासा, हा आहे. जो अल्पायुषी आणि जो खालच्या पायरीवर, तो निर्धास्त: तारली, मांदेली, बांगडा, जवळा. येथेही एक बारकावा आहे. आपला मऊ, पाणचट बोंबील वस्तुतः अधाशी शिकारी आहे; स्वतःच्या जातीची पिलेसुद्धा सोडीत नाही. परंतु तो फार जगत नाही, त्यामुळे साठविण्यास त्याला वेळ मिळत नाही. नुसते शिकारीपण दोषी नाही. शिकारीपण आणि दीर्घायुष्य ही जोडी वाईट. मोठ्या सुरमईत ही जोडी आहे, लहान सुरमईत कमी. मुशीत ती पुरेपूर आहे; मुशी सावकाश वाढते, उशिरा वयात येते.

राहिली आई. तिला हे सांगणे अधिक अवघड होते, कारण मुशी ही केवळ तिची समजूत नव्हती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही बाळंतिणीला 'पाल सुरा', म्हणजे दुधाची मुशी, घालतात. आणि एका लहान जातीच्या मुशीला इंग्रजीत दुधावरून जे नाव मिळाले तेही आपल्याकडील या समजुतीवरून. इतक्या दूरदूरच्या स्वयंपाकघरांनी जपलेली गोष्ट मी दूरध्वनीवर मोडीत काढणार होते.

"मला बाळंतपणी मुशीच घातली होती," आई म्हणाली, "तुझ्या वेळेस. तुझं काय वाईट झालं?"

"तुला घातली ती केवढी असे?"

ती थांबली. "हातभर. कधी त्याहून लहान. मोठी मुशी कोळणीच घेत नसत बाळंतिणीसाठी. मोठी उष्ण पडते म्हणत."

ही माहिती मला नवी होती, आणि मी ती वहीत लिहून घेतली. परंपरेतही माप होते. ते कोणत्या कारणाने आले हे आईला सांगता येत नव्हते. पण बाजारात आता मापाचा विचार न करता कापलेले तुकडे मिळतात, आणि तुकड्यावरून मुशी हातभर होती की पुरुषभर, हे ओळखता येत नाही. परंपरेचा पदार्थ उरला, माप गेले. पेणच्या बाजारात ओळखीची कोळीण आईला अख्खी मुशी दाखवून कापून देत असे. रायपूरच्या पेटीतून ती आधीच निनावी होऊन येते. आईला मी यादीचे नाव सांगितले नाही, पाऱ्याचेही थोडकेच सांगितले. एवढेच म्हटले की येथे मुशी अख्खी पाहायला मिळत नाही.

"मग नको घालू," ती लगेच म्हणाली. "न पाहिलेला मासा घरात आणायचा नाही."

त्या रविवारचे काप जावईबापूंनी आणि मी खाल्ले. भाचीसाठी आता दर आठवड्याला बांगडा येतो, तोही बर्फ तपासून. बाजारातल्या बंगाली विक्रेत्याला आमचे विचारणे सवयीचे झाले आहे. एकदा त्याने उत्साहाने भेटकी पुढे केली, पाचएक किलोची, कल्ले लालभडक. मी तिला मनातल्या मनात जिताडा म्हटले आणि वजन ऐकून परत ठेवली. मामांना हे कळविले तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही. दोन किलोच्या आतला लागला तर ठेवून देतो, मुंबईहून कोणी गाडीने येत असेल तर सांगा, असा निरोप पाठविला, आणि तोवर म्हणून एका ओळखीच्याबरोबर सोडे नि सुका जवळा धाडला. जवळा भाचीने कांदा घालून परतला. सोडे डब्यात आहेत, बाळंतपणासाठी.